मापाचा ब्लाऊज

"मास्तर, पोरीचा हात वर जाईना!"

कमळाबाईंनी पांढरा ब्लाऊज काऊंटरवर टाकला. त्यांच्या मागे मुलगी वंदना उभी होती. सोमवारी तिला नांदेडला नर्सिंगच्या ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं, आणि आज शनिवार. युनिफॉर्मचे दोन्ही ब्लाऊज मीच कापले होते. दोन्ही दंडात घट्ट, बगलेत काचणारे, आणि कंबरेला मात्र ढगळ.

लातुरात गंजगोलाईजवळ माझ्या मामूंचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. मी त्यांचा कटर, म्हणजे कापड बेतून कापणारा. शिवणारे कारागीर वेगळे. ब्लाऊज बिघडला की शिवणारा कटरकडे बोट दाखवतो आणि कटर कापडाकडे. त्या दिवशी माझी पंचाईत अशी, की पॉपलीन चांगलं निघालं होतं.

मी वंदनाचा मापाचा ब्लाऊज बाहेर काढला. त्या काळी आमच्याकडे बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज घरून यायचा. तो टेबलावर पसरून मोजायचा आणि त्याबरहुकूम नवा कापायचा. कित्येक गिऱ्हाइकांचे चेहरे मला आठवायचे नाहीत, पण मापाचा ब्लाऊज बरोबर आठवायचा.

जुना आणि नवा एकावर एक ठेवले. सुताचाही फरक नव्हता.

"आपली चूक नाही," मामू म्हणाले. "जैसा माप, वैसा ब्लाऊज. पोरगी जाड झाली असंल, बाई."

"जाड?" कमळाबाई भडकल्या. "ह्या दुष्काळात कोन जाड झालंय ओ? तुमच्या गल्लीत झालं असंल!"

मी हसू दाबलं. बाईचं खरंच होतं. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून सरली नव्हती. गावंच्या गावं सरकारी कामावर खडी फोडत होती. जाड माणूस बघायचा तर सिनेमाचं पोस्टर बघावं लागे.

आमचा धंदा मात्र त्याच वर्षांत बदलत होता. जुन्या बायका चोळी घरीच शिवायच्या आणि पुढे गाठ मारायच्या. त्यांच्या मुली शाळेत गेल्या, परकर-पोलक्यातून थेट पाचवारीत आल्या, आणि पाचवारीबरोबर हुकाचा ब्लाऊज आला. तो घरी जमेना, म्हणून आमची चूल पेटली. कॉलेजच्या मुलींना तर बाही एवढी घट्ट लागायची, की आत काडेपेटीची काडी सरकू नये. इकडे खडीवरच्या बायका उन्हापासून बचाव म्हणून लुगड्यावर नवऱ्याचा फुलशर्ट चढवायच्या. एरवी गाव हसलं असतं. पण शेजारच्या ढिगावर पाटलीणबाईही शर्ट घालून बसलेल्या, हसणार कोण? फॅशन मुंबईहून येते म्हणतात. आमच्याकडे निम्मी खडीवरून आली.

"सैल करून द्या की मग," कमळाबाई म्हणाल्या.

"किती सैल?" मी विचारलं.

तिथंच सगळं अडलं होतं. शिवणीच्या आत थोडं जादा कापड राखतात, त्याला आम्ही माया म्हणतो. ती उसवून बाही वाढवता येते. पण अंदाजानं वाढवली आणि हुकली, तर पुढे कापडच नाही. दुसरं पॉपलीन घ्यायची त्या मायलेकींची ऐपत नव्हती. मला खरं माप हवं होतं, आणि अंगाला टेप न लावायचा मामूंचा नियम आडवा आला होता.

आईच्या मागे उभी असलेली वंदना पुढे आली.

"मास्तर, त्यो मापाचा ब्लाऊज मॅट्रिकच्या वर्षीचा हाय. तवापासून मी सालभर खडीच फोडायले." मग आवाज उतरला. "मुलाखतीला गेले तवा तितल्या सिस्टरनं सलाईनची बाटली वर आकड्याला अडकवली. माझा हातच वर जाईना, तर ठिवतील का ते मला?"

पोरगी घाबरली होती. त्यांच्या वस्तीतून नर्स व्हायला निघालेली ती पहिलीच मुलगी, आणि मी तिला बगलेत जखडून पाठवत होतो.

"मामू, टेप लावावा लागेल," मी म्हणालो.

"या दुकानात? कधीच नाही. उद्या लोक काय म्हणतील, मियाँ?"

"तुम्ही नका लावू. टेप द्या इकडं," वंदना म्हणाली.

"अगं बाप्यांसमोर?" कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आई, मुकादम रोज टेप घिऊन आपला ढीग मोजायचा का न्हाई? आपून तिथंच उभ्या असायचो. टेपाचं काय भ्या?"

मी गळ्यातला टेप काढून काऊंटरवर ठेवला आणि पाठ फिरवली. मामूंनीही फिरवली, पण कान इकडेच होते. एका हातानं स्वतःचा दंड मोजता येत नाही, म्हणून टेपाचं टोक आईला धरावं लागलं. आकडा वंदना वाचणार होती.

आकडा काही येईना. कमळाबाईंचाच आवाज आला, अगदी हळू.

"वंदे, दंड एवढा कवा झाला गं तुझा?"

दोघी सालभर एकाच ढिगावर बसल्या होत्या. आईला दिसलं नव्हतं, ते टेपानं दाखवलं. माझे डोळे भरून आले. मी भिंतीकडे बघत होतो ते बरं झालं.

मग वंदनानं एकेक आकडा सांगितला. दंड आणि खांदे वाढले होते, कंबर चांगलीच उतरली होती. असं शरीर आमच्या कटिंगच्या कोणत्याच हिशोबात बसत नव्हतं. पण उपाय त्यातच होता. कंबरेतून जे कापड निघालं, त्याचे मी चौकोनी तुकडे केले आणि बगलेत बसवले. बाहीची माया सगळी उसवली. मशीनवर मामू स्वतः बसले. आपली चूक नाही हे ते अधूनमधून म्हणत होते, पण टाके मात्र बारीक घालत होते.

शेजारच्या घरात जाऊन वंदना ब्लाऊज घालून आली. तयार कपडे टांगायची दांडी डोक्याच्याही वर होती. तिनं एक हँगर उचलला, हात सरळ वर नेला आणि दांडीला अडकवला. मग उगाचच काढला आणि पुन्हा अडकवला.

कमळाबाई म्हणाल्या, "बास कर, हँगर झिजंल." आणि रडायला लागल्या.

त्या वर्षी "हात वर जाईना" म्हणत बऱ्याच बायका आल्या. शेवटी मामूंनी दुकानात पडदा टाकून मामीला टेप घेऊन बसवलं. पुढे लातूर जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली. ऑफिसातल्या मुली घड्याळ बघत यायच्या, "माप घ्या लवकर" म्हणायच्या. त्यांच्या धाकट्या बहिणी पंजाबी ड्रेस मागायच्या. वंदनाही बदली होऊन लातूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून आली. पांढरं कापड घेऊन दुकानात शिरली, तेव्हा मापाचा ब्लाऊज सोबत नव्हता. मामीनं टेप उलगडायच्या आधीच तिनं दोन्ही हात वर केले.

अजूनही कुणी जुना ब्लाऊज मापाला आणून दिला, की मी आधी विचारतो, "बाई, हा कोणत्या सालचा?"