एलियासची अर्धी दाढी

तुमच्या हातात वस्तरा आहे, अशी कल्पना करा. समोरच्या खुर्चीत माणूस मान मागे टाकून बसलाय. त्याच्या गालावर एक रेघ काढायची आहे, कल्ल्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. रेघेच्या वरचे केस जाणार, खालची दाढी राहणार. रेघ जरा खाली सरकली तर ती पुसता येत नाही. केस पुन्हा उगवेपर्यंत थांबावं लागतं.

पनवेलच्या गुरुदत्तला ही रेघ एका दमात जमायची. त्याच्या दुकानात बापाच्या वेळी फक्त 'कटिंग-दाढी' असायची. २०१६ उजाडेपर्यंत भिंतीवर टीव्ही आला, फळीवर दाढीच्या तेलाच्या बाटल्या आल्या, आणि गिऱ्हाइकं दाढी काढायला नव्हे, राखायला येऊ लागली. खारघरच्या कॉलेजची पोरं मोबाईलवर फोटो दाखवायची. जुन्या गिऱ्हाइकाला मात्र 'काय करायचं?' असं विचारायची गुरुदत्तवर कधी वेळ आली नव्हती. माणूस बसला की त्याला काय हवं ते आपल्याला कळतं, याचा त्याला अभिमान होता.

एलियास रोहेकर असाच जुना. बेलापूरला एका कंपनीत ड्राफ्ट्समन. अकरा वर्षं दर शुक्रवारी दुपारी यायचा, गुळगुळीत दाढी करून घ्यायचा आणि संध्याकाळी दिवे लावायच्या आत घरी पोचायचा, कारण तो ज्यू, आणि शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू होतो.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तो आलाच नाही. पुढच्या शुक्रवारी आला तो दोन आठवड्यांची दाढी घेऊन. टीव्हीवर आदल्या दिवशीच्या मॅचचे षटकार चालले होते. एलियास काहीतरी बोलला, ते त्या आवाजात विरलं. मग तो रिकाम्या खुर्चीत टेकला आणि दोन मिनिटांत त्याची मान कलली.

"बघ, साहेबांनीपण दाढी राखली. आले लायनीवर," गुरुदत्त बाकावरच्या प्रितमला म्हणाला.

प्रितम बेलपाड्याचा. त्याच्या घरी त्या दिवशी भावाची हळद होती. "झोपूंदे की त्यांना, गुरुदादा. आदी माजी कर. डीजे माज्यासाठी थांबनार नाय."

"तू नाचणार अंधारात. तुझी दाढी बघतंय कोण?"

गुरुदत्तने एलियासच्या गळ्याभोवती कापड बांधलं, ट्रिमर फिरवला आणि उजव्या गालावर वस्तऱ्याने रेघ ओढली. सुरेख आली. तो डाव्या बाजूला वळला, तेवढ्यात एलियासने डोळे उघडले. आरशात बघतच राहिला.

"गुरू, हे काय केलंस?"

"लाईन काढली. आता ही बाजू झाली की—"

"बाबा गेले माझे. गेल्या आठवड्यात, सोमवारी."

प्रितमने उठून टीव्ही बंद केला.

"आमच्यात महिनाभर वस्तरा लावत नाहीत," एलियास हळू आवाजात म्हणाला. "तेच सांगायला आलो होतो. आठ-दहा रात्री झोप नाही. बसलो आणि डोळा लागला."

गुरुदत्तने वस्तरा खाली ठेवला. त्याच्या बापाने गाढी नदीच्या काठी दहाव्याला कितीतरी लेकांची डोकी भादरली होती, मिशा उतरवल्या होत्या. बाप गेलेला माणूस त्याला लांबून ओळखता यायचा, तो तुळतुळीत डोक्यावरून. वाढलेल्या केसांत कुणाचं सुतक असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"दुसरी बाजू सारखी करू?" त्याने विचारलं.

"नको. झालं तेवढं झालं." एलियासने स्वतःच कापड सोडलं. रागावला असता तर बरं, असं गुरुदत्तला वाटलं.

पुढचे दोन शुक्रवार दुपारची ती वेळ आली की गुरुदत्त दाराकडे बघायचा. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं, पण आपण त्याच्या बापाच्या दुखवट्यात ढवळाढवळ केली, हे त्याला जेवू देईना. त्यात एका बुधवारी खारघरचा एक पोरगा आला आणि म्हणाला, "बेलापूर स्टेशनला एका अंकलची बघितली. एकाच साईडला लाईन. सेम तशी पाहिजे."

"ती होत नाही," गुरुदत्त म्हणाला.

"का? कठीण आहे?"

"होत नाही म्हटलं ना. दुसरीकडे बघ."

तिसऱ्या शुक्रवारी एलियास आला. उजवीकडची रेघ आता बुजत आली होती. तो खुर्चीत बसला. गुरुदत्त मागे उभा राहिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं, "साहेब, काय करायचं?"

"काढ सगळी. महिना झाला मंगळवारी."

अर्धी दाढी उतरली. मग गुरुदत्तने हात थांबवला.

"साहेब, राग नसेल तर एक विचारू? माझ्यामुळे मधेच वस्तरा लागला. मग हा महिना भरला का तुमचा?"

एलियासने आरशातून त्याच्याकडे बघितलं. "खरं सांगू? मलाही माहीत नाही. असलं सगळं आमच्यातले जुने जाणते आरोनकाका सांगायचे. ते गेले इस्राएलला, लेकीकडे. आता इथे विचारू असं कुणी उरलं नाही."

"फोन लागत असेल ना त्यांना?"

"लागतो. पण त्यांना ऐकू येत नाही फारसं."

एलियास अजूनही शुक्रवारी येतो. आरोनकाकांचा विषय निघाला की गुरुदत्त आधी टीव्हीचा आवाज कमी करतो, मग विचारतो, "साहेब, त्यांना विचारलंत का, झोपेत लागलेला वस्तरा धरतात की नाही?"