पहिली फेरी

मी बी.कॉम. झालो तो एका माणसाचा सूड घ्यायला. चांगली फिटरची नोकरी सोडून हिशेबाकडे कसे वळलात, असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतो. खरं कारण होतं आमच्या खाणीतले हिशेबाचे मोठे बाबू.

चांद्याकडच्या त्या कोळसाखाणीत माणसं लोखंडी डोलीत बसून खाली उतरत. डोलीचा पोलादी तारांचा दोर माझ्या ताब्यात होता. रोज पहाटे त्यावरून चिंधी फिरवायची. तार तुटलेली असली की चिंधी अडकते. दोर चांगला आहे असं जो म्हणेल त्यानेच पहिल्या फेरीला खाली जायचं, ही तिथली रीत. माझ्यासोबत धानोऱ्याकडचा एक गोंड जोडीदार असे. चिंधी जागोजागी अडकायला लागली तेव्हा मी नवा दोर मागायला बाबूंकडे गेलो.

"दोर अजून सालभर चालते," ते मान वर न करता म्हणाले. "तुले हिशेबातलं काय समजते? जाय, पान्हा फिरव."

सगळं ऑफिस हसलं. नोकरी जाईल या भीतीने आम्ही त्याच दोरावर जात राहिलो. मग एका सकाळी तळ जवळ आला असताना दोराचा पदर सुटला आणि डोली खाली आदळली. मी खरचटण्यावर सुटलो, जोडीदाराचा पाय गेला. बाबूंनी कागदावर लिहिलं, फिटरचा हलगर्जीपणा. दुसऱ्या खाणीत वापरून उतरवलेला एक दोर आणून चढवला आणि काम सुरू केलं.

जोडीदाराला गावी पोचवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्या बाबूले एकदा खाली ने."

तिथून मी तडक नागपूर गाठलं. दिवसा कॉमर्सचे वर्ग, रात्री कापडगिरणीत पाळी. जमा आणि नावे यांचं मला काडीचंही प्रेम नव्हतं. पुस्तक मिटावंसं वाटलं की ऑफिसातलं ते हसणं आठवायचं, आणि मी पुन्हा वाचायला बसायचो.

पदवी मिळाली. यंत्रही कळतं आणि हिशेबही, म्हणून त्याच मालकांनी मला हिशेब अधिकारी केलं. बाबू आता माझ्या हाताखाली आले. मला फार आनंद झाला, तो मी लपवलाही नाही.

काही दिवसांतच नव्या फिटरने दोर मागितला. बाबू सवयीने म्हणाले, "चालते अजून."

"मग उद्याची पहिली फेरी तुमची," मी म्हणालो.

"मी कायले, साहेब? मी हिशेबातला माणूस."

"मीही हिशेबातलाच. सोबत येतो."

नव्या दोराच्या मागणीवर मी त्याच संध्याकाळी सही केली. बाबूंना कळू दिलं नाही.

सकाळी डोली सुटली. काळोख झाला तसा बाबूंनी दोन्ही हातांनी माझा दंड धरला.

"भाऊ, टिकन ना दोर?"

दोर मी पहाटे स्वतः तपासला होता. आजच्यापुरता तो पक्का होता. 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तळ येईपर्यंत मी गप्प राहिलो.