फ्री थ्रोच्या रेषेवरची भट्टी

निर्मला पोखरकर यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षीच्या वार्षिक बक्षीस समारंभात झाला. मुलींनी विद्यापीठाचा करंडक टेबलावर आणून ठेवल्यानंतर आणि आभारप्रदर्शन सुरू व्हायच्या आधी, भर मांडवात, टाळ्यांच्या गजरात झाला. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकते, कारण त्या गेल्यापासून जिथं तिथं 'प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झालेल्या प्रशिक्षिका' असंच छापून येतंय. त्या निवृत्त झाल्या नाहीत. त्यांना काढलं. शाल घालून काढलं.

बातमी आली तेव्हा मी तळवड्यात एका कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत होते. पहिली शिफ्ट सुटत होती, कंत्राटी कामगारांची सभा होती, आणि खिशात फोन थरथरत होता. जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर आमच्या सुवर्णानं एवढंच टाकलं होतं, 'मॅडम गेल्या. सकाळी, चऱ्होलीच्या घरीच. झोपेत.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मला रडू आलं नाही, राग आला. नेमका कुणाचा तेही कळेना… मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "राग पायात उतरव, तोंडात नको." मी कामगार संघटनेचं काम करते, तोंडातल्या रागावरच माझं पोट चालतं, हे त्यांना माहीत होतं. त्यावरून त्या मला टोमणेही मारायच्या.

मी त्यांना सापडले ती बस स्टॉपवर. आमचं कॉलेज चाकणच्या पुढं, हायवे सोडून आत. सकाळी कंपन्यांच्या वेळेला बस अशी भरून येते की दारात लोंबकळणाऱ्यांकडं तिकीट मागायलाही कंडक्टरला पोचता येत नाही. एक दिवस कशीबशी चढले, उतरले, तर मागून हाक आली, "ए लाल ओढणी, इकडं ये!" बघते तर ट्रॅकसूट घातलेली, केसांचा घट्ट अंबाडा बांधलेली ठेंगणी बाई. म्हणाल्या, "तुझ्यापुढं अख्खी शिफ्ट उभी होती. तू आधी कशी चढलीस?" मला वाटलं रागावतायत. म्हटलं, "धक्का नाही मारला मॅडम, शप्पथ. फट दिसली, खांदा घातला." त्या म्हणाल्या, "तेच म्हणते मी. संध्याकाळी कोर्टावर ये." कोर्ट म्हटल्यावर मला खेड कोर्ट आठवलं, आमच्या चुलत्यांची बांधाची केस तिथं होती. मॅडमांचं म्हणणं असं, की त्या बसमध्ये जी पोरगी चढू शकते तिला बास्केटबॉलमधला रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेला चेंडू गर्दीत घुसून पकडणं, शिकवावं लागत नाही, फक्त नियम सांगावे लागतात. अर्धा संघ त्यांनी त्या स्टॉपवरून उचलला. पुण्यातल्या क्लबांमध्ये निवड चाचण्या होतात. आमच्या निवड चाचण्या बस घ्यायची.

सराव संध्याकाळीच का, हे समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. सकाळी आमच्या भागातल्या पोरीनं धारा काढायच्या असतात, बाप पहिल्या शिफ्टला जात असला तर त्याचा डबा करायचा असतो. घरी परतल्यावर स्वयंपाक असतो, पाहुणे असतात, भावाचे कपडे असतात. तास संपल्यापासून शेवटच्या सोयीच्या बसपर्यंतचा जो वेळ, तेवढ्यावर कुणी दावा सांगितलेला नसतो. मॅडम त्याला 'बेवारस तास' म्हणायच्या. "जमिनीचा तुकडा बेवारस दिसला की तुमच्या गावात कसं लगेच कुंपण घालतात?" त्या म्हणायच्या. "मी या तासाला कुंपण घातलंय."

कुंपण सहज पडलं नाही. दरवर्षी नव्या पोरींच्या घरी जावं लागायचं. सुवर्णाच्या घरी मी बरोबर होते. नुकतीच जमीन गेली होती, दारात नवी कोरी मोठी गाडी, तिच्या बॉनेटवर अजून हार. सुवर्णाचे चुलते म्हणाले, "आता आमी काय पैल्यासारखं न्हाई राह्यलो मॅडम. चार लोकांत ऊठबस हाय. पोरगी अर्ध्या चड्डीत पळताना दिसली तर लोक काय म्हनतील?" मॅडमांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजीला विचारलं, "आजी, तुमी कांद्याची लागण करताना लुगडं कुठवर खोचता?" म्हातारीनं गुडघ्याच्या वर हात लावून दाखवलं, "हितवर. चिखलात मग काय फरफटत न्यायचं व्हय?" "मग नातीनं खोचलं तर?" म्हातारीनं लसणाची पाकळी बाजूला ठेवली आणि लेकाला म्हणाली, "जमीन इकली तवा न्हाई लाज वाटली तुला. जाऊ दे पोरीला." चुलते चहा सांगायला म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. पुढं सुवर्णा आमची कर्णधार झाली, खेळाडू म्हणून पोलिसात लागली, आणि आता तेच चुलते तिचा गणवेशातला फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवत फिरतात.

खेळ शिकवायच्या आधी मॅडमांनी आम्हाला ओरडायला शिकवलं. आम्ही सगळ्या 'हळू बोल, बाहेर माणसं बसलीत' ऐकत वाढलेल्या. कोर्टावर बचावात कोण कुठं चाललीय ते मागच्या पोरीनं पुढचीला ओरडून सांगावं लागतं, आणि आमच्या तोंडातून शब्द फुटेना. मॅडम खेळ थांबवायच्या, "मुक्यानं घर सांभाळता येतं, रिंग नाही. बोला!" पहिले कितीतरी दिवस आम्ही चेंडूला हात न लावता नुसत्या बोंबलत इकडून तिकडं पळालो. शेजारच्या वर्गांतून तक्रारी गेल्या. आज गेटवर भोंग्याशिवाय माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो तो तिथला.

पुण्यात पहिल्या मोठ्या स्पर्धेला गेलो तेव्हा समोरच्या संघातल्या पोरी एकसारख्या बुटांत, एकसारख्या वेण्यांत. आम्ही आत शिरलो तशी एक दुसरीला म्हणाली, "चाकणचा कांदा-बटाटा आला गं." आमचे चेहरे पडले. मॅडमांनी सगळ्यांना गोल उभं केलं, वाटलं आता काहीतरी थोर बोलतील. म्हणाल्या, "कांदा म्हणाल्या ना? मग रडवा." एवढंच. आम्ही रडवलं. त्यानंतर आमच्या कॉलेजच्या मुलींनी जे जे जिंकलं ते कार्यालयातल्या काचेच्या कपाटात आहे, जाऊन बघा. कपाट भरलं म्हणून दुसरं केलं. ते करताना प्राचार्य हसून म्हणाले होते, "मॅडम, आता जरा हरा." हे सगळं करणारी बाई अखेरपर्यंत कंत्राटावर होती. दर जूनमध्ये नेमणूक, दर एप्रिलमध्ये नमस्कार. तरी त्या त्यावर कधी भांडल्या नाहीत. त्या भांडल्या कोर्टासाठी.

झालं असं, की कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला कळलं की मैदान खेळापेक्षा लग्नाला जास्त चांगलं. रस्त्याला लागून, गाड्या लावायला जागा, आळंदीही जवळ. आधी फक्त रविवारी मांडव पडायचा, मग कुठल्याही वारी. वऱ्हाड मैदानावर, आणि स्वयंपाक मांडवामागं आमच्या कोर्टावर. आचाऱ्याला काय लागतं? सपाट, सिमेंटची, नळाजवळची जागा. बास्केटबॉललाही तेच लागतं. फ्री थ्रोच्या रेषेवर भट्टी पेटायची, रिंगला दिव्यांच्या माळा बांधायच्या, बोर्डाच्या खांबाला दोरी बांधून पाण्याचे पिंप टेकवायचे. दुसऱ्या दिवशी तेलानं काळं पडलेलं सिमेंट. पोरी भुसा टाकून, राख टाकून घासायच्या आणि मग खेळायच्या. एक पोरगी त्या तेलावरून घसरली, गुडघा गेला, खेळ संपला. पुढच्या लग्नाला मॅडम कोर्टाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कढई चढलेली. आचारी म्हणाला, "मॅडम, तेल तापलंय, आता कुठं हलवू?" मॅडम म्हणाल्या, "नका हलवू. गार होईस्तोवर मी हितंच उभी." शेवटी बिचाऱ्यानं भट्टी चिंचेखाली नेली. जिलबी उशिरा आली, वरपक्षाची पंगत ताटं पुढ्यात घेऊन बसून राहिली. लग्न संस्थेच्याच एका पदाधिकाऱ्याच्या घरचं होतं. आमच्याकडं खून पचतो हो, पंगत खोळंबलेली पचत नाही.

त्यानंतरच तो समारंभ. मॅडमांचा खास सत्कार आहे म्हणून आम्हा जुन्या पोरींनाही बोलावलं होतं, सुट्ट्या टाकून आलो होतो. शाल घातली, एका हातात श्रीफळ दिलं, दुसऱ्या हातात स्मृतिचिन्ह, वर पुष्पगुच्छ, तो त्यांनी काखेत धरला. आणि संस्थेचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, "मॅडमनी आजवर खूप केलं. आता त्यांना विश्रांती देणं ही आपली जबाबदारी. यापुढं त्या आपल्या मानद मार्गदर्शक!" टाळ्या पडल्या. 'मानद' म्हणजे काहीतरी मोठंच असणार, असं अर्ध्या मांडवाला वाटलं. मॅडम तशाच उभ्या. त्यांच्यापुढं कुणी माईक धरला नाही, आणि धरला असता तरी तो घ्यायला त्यांचा एक हात मोकळा नव्हता. आम्हाला बोंबलायला शिकवणारी बाई खाली मान घालून पायऱ्या उतरली… मला तेव्हा ते कळलंच नाही. त्या गप्प का बसल्या?

ते कळलं यंदाच्या संक्रांतीला. तिळगूळ घेऊन चऱ्होलीला गेले. एके काळी शेवंतीची शेतं होती त्या जागी आता उंच इमारती, त्यातल्या एकीत मॅडम आणि त्यांचे यजमान, कंपनीतून निवृत्त झालेले काका. मी सरळच विचारलं. मॅडम शेंगा फोडत म्हणाल्या, "स्टेजवर चढताना पायरीवरच अध्यक्ष म्हणाले, मॅडम, गडबड नको. तुम्ही मानानं जा, पोरींचा संध्याकाळचा तास आम्ही मोडत नाही. शब्द देतो. मग मी काय करणार होते? करंडक येतात-जातात गं. तो तास एकदा गेला की परत मिळत नाही."

"आणि पाळला शब्द?"

"पाळला की. तुळशीच्या लग्नापर्यंत." आणि हसल्या. "आता पौष आहे, लग्नं नाहीत, म्हणून पोरी खेळतायत. माघ लागला की परत भट्टी. आपला खेळ आता पंचांगावर चालतो. चातुर्मासात बास्केटबॉल, मार्गशीर्षात बासुंदी. आणि सामने नेमके मार्गशीर्षात."

मी म्हटलं, "मॅडम, उद्या पत्रक काढते." तर म्हणाल्या, "तुझं पत्रक दोन दिवस भिंतीवर राहील आणि पोरी दोन वर्षं घरी बसतील. त्यांच्या घरच्यांना निमित्तच हवंय. मी जाऊन बोलते. मान आहे मला तिथं."

मान होता. त्या गेल्या की 'या मॅडम, बसा' व्हायचं, चहा यायचा, 'बघू' व्हायचं. माघात गेल्या, फाल्गुनात गेल्या. शेवटच्या वेळी शिपायानं सांगितलं, साहेब एका लग्नाला गेलेत. कुठं, तर मैदानावरच. मॅडम मांडवात शिरल्या नाहीत. मागून कोर्टाच्या कडेला थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि रिक्षानं घरी आल्या, असं काकांनी मला नंतर सांगितलं. मला फार वाटतं, की निदान त्या दिवशी तरी त्यांनी आमच्यापैकी एकीला हाक मारायला हवी होती. आम्ही होतो ना… पण पोरींनी त्यांच्यासाठी भांडावं असं त्यांनी कधी शिकवलंच नाही. एकमेकींसाठी शिकवलं, संघासाठी शिकवलं, मॅडमांसाठी नाही. त्यांच्या शिकवण्यात एवढी एकच चूक मला सापडते, आणि ती मला रोज टोचते.

तेराव्यानंतर मी काकांना भेटायला गेले. त्यांनी गॅलरीत नेलं. तिथं कठड्याला लागून खेळाचे बूट, लहान-मोठे, सगळे वापरलेले, सगळे धुतलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. कॉलेज सोडून जाणाऱ्या पोरींकडून मॅडम बूट मागून ठेवायच्या. पहिल्या दिवशी चपलेवर येणाऱ्या पोरीला तिच्या मापाचा जोड मिळायचा. मलाही मिळाला होता, पण तो कुठून आला हे मी कधी विचारलं नव्हतं. काका म्हणाले, "दर रविवारी ती हे उन्हात मांडायची. ती गेल्यावर पहिल्या रविवारी मीच मांडले. आता मांडतोच. पण हे घालणार कोण, ते सांग तू मला. पोरी कुठं पळणार?"

याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडं आहे.

ऐन लग्नसराई आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी यंदा कार्य असणार, कुणीतरी त्या मैदानाची चौकशी करायला जाणार. जा. पण ताटाचा भाव विचारायच्या आधी विचारा, भट्टी कुठं लागते? तुम्हाला मांडवामागं नेतील, दोन रिंगांमधली सिमेंटची जमीन दाखवतील, म्हणतील इथं एकदम सोयीचं पडतं. तेव्हा घड्याळाकडं बघा, आणि त्याच वेळी कॉलेजच्या गेटाबाहेर घरी जायच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या पोरींकडं बघा. मग तिथून उठा आणि का उठलात ते मोठ्यानं सांगून उठा. त्या पोरींच्या तासावर तुमच्या घरची पंगत बसवू नका.