मोटारीची गळकी पेटी

कुशाबा लोहाराला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पण मुळशीत दुसरं होतं कोण? जन्मभर नांगराचे फाळ ठोकले, घमेल्या-पोहऱ्यांना डाख दिले, आता मोटार आली तर मोटार. माणूस थकला तरी हात थांबतात होय!

गाव धरणाच्या पाण्याखाली चाललं होतं. लोहारकीचं इनामी भातखाचरही त्यातच. बायकोचा, साळूबाईचा, एकच हट्ट होता: सासूनं राखलेलं आंबेमोहराचं बी कोरडं न्यायचं. पिरंगुटच्या तिच्या भावाची, भैरूची, त्या भातावर लई दिवसांची नजर. त्यानं शब्दच दिला होता, "आक्का, बी आण. पुढल्या मृगाला एक खाचर तुझं." बी गेलं तर खाचर गेलं, आणि उरलेला जन्म भावजयीच्या ओसरीवर काढायचा.

मोटार हैबतरावांची. पौडहून पुण्याला उतारू न्यायची. मागं सामानाची पत्र्याची पेटी होती, तिचा तळ गंजून चाळण झालेला.

"कुशाबा, उतारूंची गाठोडी भिजत्यात. पेटी नीट कर, तुझं बिऱ्हाड मी पोचवतो," हैबतराव म्हणाले.

कुशाबानं विटेच्या तुकड्यानं गंज खरवडला. कंबर धरली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तळाचं भोक न् भोक त्यानं डाख देऊन बुजवलं. मग पोहरा पारखतात तशी पेटी काठोकाठ पाण्यानं भरली आणि खाली वाकून बघितलं. थेंब गळेना.

"आता जल्मात गळायची न्हाई," तो म्हणाला. हैबतरावांनी पाठ थोपटली.

धन्य ते दोघं! अहो, पोहऱ्यात पाणी टिकवायचं असतं. पेटीत ते शिरू द्यायचं नसतं. झाकणाच्या बिजागरीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पाणी वरून तिथूनच शिरायचं. आजवर निदान खालच्या भोकांतून वाहून तरी जायचं.

बियाण्याचं गाठोडं पेटीत घालून निघाले तेव्हा आषाढ ओतत होता. वाटेत ओढ्याला पूर आला, आणि दोन दिवस सगळे देवळात बसून राहिले. साळूबाई भिंतीला टेकून झोपली, कितीतरी महिन्यांनी निवांत. मध्येच जागी होऊन म्हणाली, "पेटी एकदा बघू का?"

"उगा उघडू नगंस, पाणी शिरंल," कुशाबा म्हणाला.

पिरंगुटला भैरूच्या दारात झाकण उघडलं. पेटी निम्मी पाण्यानं भरली होती. गाठोड्याच्या फडक्यातून पांढरे मोड बाहेर आले होते.

भैरूनं मूठभर बी हातात घेतलं. "लावणी उरकली, आक्का. ह्ये आता कुटं पेरू? बैलांफुडं टाक." खाचराचं नाव त्यानं काढलं नाही. तिनंही काढलं नाही. तिनं सूप मागून घेतलं, बी त्यात उपसलं आणि बैलांपुढं ठेवलं.

कुशाबाला ते बघवेना. सगळं आपल्याच हातानं झालं, हे त्याला आता कळलं होतं. तो तिच्या शेजारी येऊन बसला. "साळू, मला शिवी तरी घाल."

"दमलीया मी," ती म्हणाली. "उद्या घालते."