काकांच्या गाडीचा दसरा

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण पुढे मी जवळजवळ मरतो. तेही ऐन दसऱ्याला, अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या एका गॅरेजात, अंगात नवा शर्ट असताना! आणि दोष द्यायला दुसरं कुणी नाही. सगळी करणी माझीच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे प्रधानकाका त्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेले. मागे राहिल्या काकू आणि काकांची जुनी निळी कन्व्हर्टिबल. मुलगा कॅलिफोर्नियातून फोनवर एकच सांगायचा, "आई, जस्ट सेल इट." काकू ऐकायला तयार नव्हत्या.

"गाडी गेली की हे खरंच गेले, असं होईल रे," त्या मला म्हणाल्या.

बर्फ पडायच्या आत काका ती गाडी उचलून स्टँडवर ठेवायचे, म्हणजे हिवाळाभर एका जागी दबून टायर चपटे होत नाहीत. त्या वर्षी मी पुढे झालो. "मी करतो ना काकू!" इंजिनिअर माणूस, गप्प बसवतं का?

काम तसं सोपं. आधी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, मग मागची बाजू जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड द्यायचे. ठोकळे सगळ्यात महत्त्वाचे, कारण हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना आणि ती तर हवेत! त्यात गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती, आणि गाडीचं तोंडही दाराकडे. हे सगळं मला ठाऊक होतं बरं का. काकूंना मी ते हातवारे करून समजावूनही सांगितलं.

मागची बाजू स्टँडवर बसली आणि काकू तबक घेऊन आल्या.

"यंदा सण नाही करायचा," त्या म्हणाल्या, "पण गाडीनं काय पाप केलंय? हे दर दसऱ्याला पूजा करायचे. तेवढी तू कर."

केली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग काकूंनी दोन लिंबं पुढे केली.

"चाकांपुढे ठेव."

"काकू, तिथे ठोकळे आहेत."

"मग काढ की! गाडी काय ठोकळ्यांवरून न्यायची असते?"

आता तुम्हीच सांगा, डोळ्यांत पाणी आलेल्या बाईला घर्षणाचे नियम शिकवायचे का? काढले. म्हटलं, एक मिनिटाचा तर प्रश्न आहे! ठोकळ्यांच्या जागी दोन लिंबं, आणि त्यांच्या भरवशावर अख्खी गाडी.

इथवर ठीक. पुढे जे केलं त्याला माफी नाही. काकू गाडीपुढे डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटलं, तेवढ्यात मागचे स्टँड नीट बसलेत का ते बघून घ्यावं. शिरलो गाडीखाली आणि स्टँड धरून हलवला. हलवून बघावा असा नियमच आहे. फक्त तो नियम खाली शिरण्याआधीचा आहे.

गाडी बोटभर पुढे सरकली.

मान वळवून पाहिलं, तर एक लिंबू चाकाखाली चेचलेलं आणि स्टँड पुढे कललेले. खोटं कशाला सांगू, आईची आठवण झाली.

"काकू, ठोकळे!"

काकूंनी डोळे उघडले आणि त्यांना दिसलं फुटलेलं लिंबू.

"अगं बाई! गाडी आपोआप चालली! अरे अविनाश, हेच आले रे! यांनीच सरकवली!"

"काकू, काका नाहीत, उतार आहे!"

"असं बोलू नये आजच्या दिवशी," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी नारळ उचलला.

"नारळ नको! आपटू नका!"

"फरशीची काळजी नको करूस, मी पुसते मागाहून."

खाडकन नारळ फुटला आणि त्याच क्षणी दुसऱ्या लिंबानेही राम म्हटला. मी जीव खाऊन बाजूला लोळलो. येता येता बंपर खांद्यावर आदळला आणि गाडी दणकन खाली बसली. चाकं काढली नव्हती, म्हणून आज तुमच्यासमोर चहा पितोय. मागची चाकं जमिनीला लागताच हँडब्रेकने गाडी धरली. ती थांबली ती काकूंच्या पावलांशी.

काकू धावत माझ्याकडे आल्या. चेहरा पांढराफटक, हातात नारळाची कवड तशीच.

"बोल रे काहीतरी! एका वर्षात दुसरं मयत बघायची ताकद नाही माझ्यात."

खांदा मोडला होता, पण मी रडलो ते या वाक्याला.

इमर्जन्सीत कळलं, कॉलरबोन तुटलंय. डॉक्टर तरुण अमेरिकन, अगदी मन लावून लिहून घेत होता.

"पुढची चाकं कशाने अडवली होती?"

"लिंबाने."

"कशाने?"

"लिंबू. फळ. पण दोन होती," मी म्हटलं, जणू दोन म्हटल्याने अब्रू वाचणार होती!

त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही काम काय करता?"

"पुलांची डिझाइन्स."

तो उठून दार लावून आला आणि त्याने हळूच विचारलं, "कुठकुठले पूल?"