खंडेनवमीचा हार आणि तापलेला कंट्रोलर

मंडळी, आज खंडेनवमी! सून अस्मिता मला हिंजवडीला तिच्या ऑफिसच्या पूजेला घेऊन गेली. सर्व्हर रूमच्या दाराला घालायला तिनं झेंडूचा हार माझ्या हातात दिला आणि मला हसूच आवरेना.

ऐंशी सालाच्या सुमारास मी पिंपरीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. वॉशिंग मशीनएवढ्या चार डिस्क, आणि त्यांच्यात माहिती ठेवणारा-काढणारा एकच कंट्रोलर, कपाटाएवढा. खंडेनवमीला मशीन शॉपचे फोरमन आले. म्हणाले, "राव, आमच्या लेथला हार हाय, मग ह्या डिस्कांच्या मुकादमाला का न्हाई?" आणि घातला की कंट्रोलरला जाडजूड हार!

हवेची जाळी झाकली गेली. कंट्रोलर तापून बंद पडला. चारही डिस्क ठणठणीत, पण त्यांना काम सांगणार कोण? सगळं ठप्प! आम्ही मजेत पेढे खात बसलो.

हे ऐकून अस्मिता म्हणाली, "बाबा, आता डिस्क ॲरे असतो. ढीगभर डिस्क एकत्र, आणि कंट्रोलर दोन. एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो."

मी म्हटलं, "मग एकाला हार घालायला काय हरकत आहे?"

तिनं लगेच माझ्या हातातला हार काढून घेतला!

तुमच्याकडे आज कशाकशाला हार घातला? आणि त्यातलं काय काय अजून चालू आहे?