अंगणातून ठेवलेलं नाव

कोल्हारात तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायला मुबारकबी जाते. मनकर्णाबाईंचा सुनील तिच्याच मांडीवर वाढला, आणि आता त्याचं बाळही. अंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायची तिची पद्धत होती. हल्ली ती देत नाही.

मागच्या हिवाळ्यात तिची नात मारिया दीड महिन्यांची होती. मुबारकबीला थोडी सर्दी झालेली. तेवढ्या सर्दीकडे कोण बघतं? तिने नातीला रोजच्यासारखं चोळलं, धुरी दिली. काही दिवसांनी मारिया दूध ओढेना. तेल लावताना उघड्या अंगावर मुबारकबीला दिसलं, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतोय. तिने तेल तिथेच ठेवलं आणि लेकाला गाडी काढायला लावली.

नगरच्या दवाखान्यात मारियाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी विषाणूचं नाव सांगितलं, आरएसव्ही. मोठ्यांचं त्याने नुसतं नाक गळतं. तान्ह्याच्या छातीतल्या बारीक नळ्या मात्र सुजतात. धुराने त्रास आणखी वाढतो. घरात सर्दी कुणाला होती, असं त्यांनी विचारलं.

"मला," मुबारकबी म्हणाली.

मारिया बरी झाली. तेव्हापासून नाक जरा चोंदलं तरी मुबारकबी कामाला जात नाही. त्यापायी काही घरांनी दुसरी बाई धरली.

सुनीलच्या बाळाच्या बारशाला त्याची थोरली बहीण लंका मिरजगावहून आली, ती नाक पुसतच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळणा सजला होता, घुगऱ्या तयार होत्या. लंका पुढे झाली तशी मुबारकबी बाळाला घेऊन मागे सरली.

"लंकाबाई, जवळ नका येऊ. सर्दी हाय तुमाला."

"एवढ्याशा सर्दीनं काय हुतंय? आत्या हाय मी त्याची!"

मनकर्णाबाई उसळल्या. "मुबारक, तू न्हाऊ घालनारी. माझ्या लेकीचा मान काढनारी कोन गं तू?"

"उद्यापास्नं येऊ नको म्हना, न्हाई येनार. पर आज लेकरू न्हाई देनार."

मारिया दवाखान्यात होती हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. कशामुळे, ते कुणी विचारलं नव्हतं. मुबारकबीने ते तिथे सांगितलं, जिच्या हाती लोक आपली बाळं देतात तिने, चारचौघींत. "माझीच सर्दी तिला लागली, बाय. वर मीच धुरी दिली."

बाळाची आई ज्योती उठून मुबारकबीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मग मी काय नाव न ठेवताच माघारी जाऊ?" लंकाने विचारलं.

"का म्हनून? कानात सांगितलेलं त्याला एकट्याला कळंल. नाव तर लांबून हाक मारायला असतंय. अंगनात जा आन मारा की हाक."

आधी ज्योती हसली, मग लंकाही. पदर खोचून ती अंगणात गेली.

"कुर्रर्र... ओजस!"

समोरचे भिमाजीतात्या घाबरून बाहेर आले. "काय झालं? कोन पडलं?"

रिवाजाप्रमाणे बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला धावल्या. पहिल्याच धपाट्याला लंका मोठ्याने शिंकली आणि अंगणभर हशा पिकला.

आत बाळ दचकून रडू लागलं होतं. मुबारकबीने त्याला उभं धरून थोपटलं. मनकर्णाबाई जवळ आल्या, पण नातवाला हात न लावता आधी मोरीत जाऊन हात धुऊन आल्या.

"उद्या लवकर ये," त्या म्हणाल्या. "पानी तापवून ठिवते."